खंबाटकीत गाडी मिस मारते, नवी कॉइल टाकली तरी परत मारते

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा चढ लागतो. चौथ्या गिअरला, अडीच हजार आरपीएमवर पाय पूर्ण दाबला की गाडी दोन-तीन झटके मारते, म्हणजे मिस मारते (एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण पेटतच नाही), आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पाय काढला की सगळं शांत. आयडलला तक्रार नाही, पोवई नाक्याच्या गर्दीत तक्रार नाही. यवतेश्वरचा घाट किंवा वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट घेतला की पुन्हा तेच. सांगलीकडच्या सपाटीवर घाट नाही, पण पेठ-सांगली रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना नेमकी गाडी गचके खाते. गॅरेजमध्ये एक कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारा भाग, बदलून मिळते, महिना-दोन महिने बरे जातात, मग दुसरा सिलिंडर सुरू होतो. तिसऱ्या खेपेला कोणीतरी सांगतं की ‘स्पोर्ट्स’ कॉइलचा लाल सेट टाका, प्रश्न कायमचा मिटेल.

कधी कधी मिटतोही. पण बऱ्याचदा मिटतो तो नव्या सेटबरोबर नवे प्लग पडले म्हणून, आणि श्रेय मात्र लाल रंगाला जातं. खालचा मजकूर ऑक्टाव्हिया व्हीआरएस, पोलो जीटीआय, मिनी कूपर एस, अबार्थ पुंटो अशा टर्बो पेट्रोल गाड्यांना धरून आहे, त्यातही रीमॅप केलेल्यांना, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेल्यांना. तत्त्व बाकीच्यांनाही लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी दिव्याचं. दिवा स्थिर जळत असेल तर गाडी हळू चालवत घरी आणता येते. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतोय. तेव्हा पाय हलका करा, खालचा गिअर घ्या आणि कमी लोडवर माथा गाठा. कन्व्हर्टरची किंमत कॉइलच्या सेटच्या कितीतरी पट असते.

मिस लोडवरच का येते

प्लगच्या दोन टोकांमधला गॅप फोडायला किती व्होल्टेज लागेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: गॅप किती, ठिणगीच्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आणि मिश्रण किती कोरडं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल किती कमी. आयडलला साधारण १० हजार व्होल्टच्या आसपास काम भागतं. पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण दाबाने हवा भरत असताना, तोच प्लग २५ हजारांच्या पुढे मागू शकतो. लहान टर्बोच्या गाडीत सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो तो मधल्या आरपीएमला, २,५०० ते ४,००० च्या पट्ट्यात. म्हणून झटका रेडलाइनला न येता नेमका तिथे येतो.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी. कॉइल आपल्याकडचं सगळं व्होल्टेज दर वेळी ओतत नाही. व्होल्टेज चढत जातं आणि गॅप फुटला की तिथेच थांबतं. प्लगला २२ हजार लागत असतील तर खोक्यावर ६० हजार छापलेली कॉइलही २२ हजारच देते. म्हणजे निरोगी गाडीत मिस नसेल तर कॉइल बदलून ताकद वाढत नाही. ‘पाच-दहा हॉर्सपॉवर वाढेल’ म्हणणाऱ्याला आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागा, तोही दोन्ही वेळा त्याच जुन्या प्लगवर घेतलेला.

गॅप फुटला नाही तर ते व्होल्टेज दुसरी वाट शोधतं. ती बहुतेक वेळा रबरी बुटाच्या (कॉइलच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या नळीच्या) आतून, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून खाली हेडकडे जाते. एकदा ठिणगी त्या वाटेने गेली की मागे कार्बनची बारीक काळी रेघ उरते. पुढच्या वेळी ही रेघ गॅपपेक्षा सोपी वाट ठरते. कॉइल नवी, बूट नवा, पण खाली रेघ पडलेला जुना प्लग तसाच ठेवला, तर तो नव्या बुटालाही रेघ पाडतो. दोन महिन्यांनी परत येणाऱ्या मिसचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

जाता जाता उंचीचं. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. वर हवा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनात सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि प्लगची मागणीही उतरते. अशी गाडी खाली मिस मारते आणि वर पठारावर सुधारते. टर्बो गाडी मात्र ठरलेला बूस्ट गाठायला टर्बो जास्त फिरवते, म्हणून तिला ही सवलत फारशी मिळत नाही. टर्बो नसलेली गाडी उलट वर गेल्यावरच बिघडत असेल, तर इग्निशनआधी इंधन आणि हवेच्या मोजणीकडे बघा.

पैसे घालण्याआधी

स्कॅनर लावून नुसता कोड वाचून पुसू नका. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या सिलिंडरला मिस झाली एवढंच. कारण कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन काहीही असू शकतं. पी०३५१ ते पी०३५४ हे कॉइलच्या सर्किटचे कोड. ते आले तर आधी कॉइल, कपलर (वायरचं प्लास्टिकचं कनेक्टर) आणि वायर या तिघांत शोधायचं. पी०३०० म्हणजे मिस एका जागी नाही, विखुरलेली आहे. तिथे एकेक कॉइल बदलत बसणं म्हणजे अंधारात दगड मारणं. सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी बघायचं: प्लगचा सेट, कॉइलचा सप्लाय, अर्थ (अर्थिंगची वायर), इंधनाचा दाब. कोडबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेमही पाहा. त्यात आरपीएम, लोड, पाण्याचं तापमान असतं. मिस ९० टक्के लोडला झाली की थंड इंजिनावर, यावरून अर्धा शोध संपतो.

मग अदलाबदल. इथे गॅरेजमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे कॉइल आणि प्लग दोन्ही उचलून एकाच सिलिंडरला नेतात. मिस सोबत सरकली तरी दोषी कोण ते कळत नाही. समजा मिस दुसऱ्या सिलिंडरला आहे. दोनची कॉइल तीनला लावा आणि तीनची दोनला. दोनचा प्लग चारला लावा, चारचा दोनला. इंजेक्टर हलवू नका. आता गाडी त्याच लोडवर चालवा. मिस तीनला गेली तर कॉइल, चारला गेली तर प्लग, दोनलाच राहिली तर वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. प्लग थंड इंजिनावरच काढायचे. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम प्लग ओढला की आटे सोबत येतात.

चालू इंजिनावर कॉइल उचलून ठिणगी बघायची जुनी खोड सोडा. ठिणगीला जायला जागा नसली की कॉइलमधलं व्होल्टेज कमाल टोकाला चढतं आणि तिचंच आतलं इन्सुलेशन फोडतं. धडधाकट कॉइल तपासणीत मेली असं होतं. शिवाय हाताला बसणारा झटका गंमत नसते.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बोलकी तपासणी: गॅप कमी करून बघा. ०.८ मिलिमीटरचा गॅप चारही प्लगना ०.६ करा आणि त्याच चढावर त्याच गिअरला पाय दाबा. मिस पूर्ण गेली तर प्रश्न ठिणगीचाच आहे हे सिद्ध झालं, आणि कदाचित सुटलाही. आयडल किंचित खडबडीत झालं तर चालवून घ्या. स्टेज वन रीमॅप (पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअर बदललेला) केलेल्या कित्येक गाड्यांना ०.६ ते ०.६५ हाच कायमचा गॅप योग्य पडतो. मिस जराही हलली नाही, तर लाल कॉइलचा सेटही तिला हलवणार नाही.

प्लग, बूट आणि विहीर

प्लग चालत जातो तसा गॅप वाढत जातो, आणि गॅप वाढला की कॉइलवरचा ताण वाढतो. कंपनीने लांबचा पल्ला लिहिलेला असतो, पण तो कंपनीच्या बूस्टसाठी. रीमॅप असेल तर २०,००० किलोमीटरला प्लग काढून गॅप मोजाच. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं. त्यावर फीलर गेजचं पातं टेकवून जोर लावला की ते तुटतं. तारेचा गेज वापरा आणि फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा.

हीट रेंजमध्ये, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याच्या आकड्यांत, दोन कंपन्या उलट्या चालतात, तिथे फसगत होते. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. स्टेज वनला सहसा एक पायरी थंड प्लग पुरतो. दोन पायऱ्या थंड घेतला आणि गाडी रोज सातारा-कोरेगाव एवढीच फिरली, तर प्लग स्वतःला भाजून साफ करू शकत नाही, काळा पडतो आणि थंड इंजिनावर मिस सुरू होते. कोड बघून लोक पुन्हा कॉइलच बदलतात. प्लगच्या नावात ‘आर’, म्हणजे आतला रेझिस्टर, असायलाच हवा. बिनरेझिस्टरचा प्लग अशा गाडीत घातला की त्याचा विद्युत गोंगाट ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींत शिरतो.

घट्ट करायला टॉर्क पाना लागतोच. गास्केट असलेला १४ मिलिमीटरचा प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरचा १५ ते २०. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. मुलामा असलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ लावू नका. आटे घसरतात आणि तोच टॉर्क दाखवत प्लग प्रत्यक्षात जास्त पिळला जातो.

काढलेला प्लग फेकण्याआधी चिनी माती उजेडात फिरवून बघा. उभी बारीक काळी रेघ दिसली तर तो प्लग आणि त्यावरचा बूट दोन्ही बाद. रेघ कापडाने पुसून निघत नाही. षटकोनाच्या वर दिसणारा तपकिरी पट्टा वेगळा. तो गोल असतो, विद्युत भारामुळे ओढल्या गेलेल्या तेलकट कणांचा असतो, त्याने बिघडत नाही.

प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, तेल असेल तर ते टॅपेट कव्हरच्या गास्केटमधून किंवा विहिरीच्या सीलमधून येतं. तेलाने बूट फुगतो, मऊ पडतो आणि इन्सुलेशन जातं. अशा विहिरीत कितीही महाग कॉइल उतरवा, काही महिन्यांत ती पहिल्यासारखीच होणार. आधी गास्केट, मग कॉइल. आणि गास्केट बदलताना क्रँककेसचा श्वास घेणारा पीसीव्ही वाल्व्हही तपासा. तो अडकला असेल तर आतला दाब नवं गास्केटही गळवतो.

पाण्याचं कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर वेगळं सांगायलाच नको. महाबळेश्वरचा पाऊस, कासच्या फुलांच्या दिवसांतलं धुकं, आणि परत आल्यावर चिखल काढायला वॉशिंग सेंटरवाल्याने बॉनेट उघडून मारलेलं प्रेशरचं पाणी. धुतल्यानंतर दोन दिवस मिस मारते आणि मग आपोआप बरी होते, असा पॅटर्न असेल तर ते पाणी विहिरीत साचून उन्हाने वाळतंय. इंजिन धुवायचंच असेल तर ओल्या फडक्याने पुसा. पोर्शच्या बॉक्सर इंजिनात, म्हणजे जुन्या केमन-बॉक्स्टर-९११ मध्ये, कॉइल खाली बाजूला, एक्झॉस्टच्या जवळ बसतात. उष्णतेने त्यांच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात आणि पहिल्या पावसात त्यातून पाणी शिरतं. तिथे कॉइल हा पावसाळ्याआधी नजर टाकण्याचाच भाग आहे.

सप्लाय, जो कोणी मोजत नाही

हे वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण ‘चार कॉइल बदलून झाल्या’ अशा गाड्यांत हमखास इथेच काहीतरी सापडतं.

कॉइलच्या प्रायमरीत (बॅटरीकडून करंट घेणाऱ्या वेटोळ्यात) करंट एकदम भरत नाही, चढत जातो. किती वेळ चढू द्यायचा ते ईसीयू ठरवतो. त्या वेळेला ड्वेल म्हणतात. बॅटरीचं व्होल्टेज कमी झालं तर ईसीयू ड्वेल वाढवतो, पण तो स्वतःच्या पायावर मोजलेलं व्होल्टेज धरतो, कॉइलच्या पायावरचं नाही. मध्ये रिले, फ्यूज, गंजलेला कपलर आणि सैल अर्थ असला तर ईसीयूला १४ दिसतात आणि कॉइलला १२.३ मिळतात.

याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. प्रायमरीचं इंडक्टन्स ३ मिलिहेन्री, एकूण रोध ०.६ ओहम, ड्वेल २.१ मिलिसेकंद धरा. १४ व्होल्टला करंट ८ ॲम्पिअरपर्यंत चढतो आणि साठलेली ऊर्जा होते ९६ मिलिज्यूल. १२.३ व्होल्टला त्याच वेळात करंट ७ च्या आसपास पोचतो आणि ऊर्जा ७४ वर येते. ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते, म्हणून १२ टक्के व्होल्टेज गेलं की २३ टक्के ऊर्जा जाते. ही घट आयडलला जाणवत नाही, खंबाटकीत जाणवते.

मोजायचं असं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक कॉइलच्या कपलरमागून सप्लायच्या पिनवर, इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर वाटेत रोध आहे. मग कॉइलच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. तिथे ०.१ च्या वर नको. मीटर सरासरी दाखवतो हे लक्षात ठेवा. आकडा काठावर असेल तर क्षणिक घट त्याहून मोठी असते. हेडवरचा अर्थचा बोल्ट काढून खालची जागा एमरी पेपरने चकचकीत करणे हा दहा मिनिटांचा उपाय आहे.

कपलरचं प्लास्टिक उष्णतेने कडक होतं आणि लॉकची जीभ तुटते. मग कपलर बसल्यासारखा दिसतो पण घाटाच्या हादऱ्यात सैल होतो. केबल टायने बांधून वेळ निभावते. खरा उपाय म्हणजे नवा कपलर आणि पिना, क्रिंप करून. सोल्डर केलेला जोड इंजिनच्या कंपनात कडेला तुटतो.

एक खबरदारी: आत ड्रायव्हर असलेली, तीन किंवा चार पिनांची कॉइल ओहममीटरने तपासता येत नाही. आकडा काहीही येतो आणि त्यावरून धडधाकट कॉइल कचऱ्यात जाते. अशा कॉइलला स्कोप (करंटची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि करंट क्लॅम्प लागतो. करंटची रेघ तिरकी चढत गेली पाहिजे. सुरुवातीलाच उभी उडी घेतली तर आतले वेटोळे शॉर्ट आहेत.

आता कॉइल निवडू

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, गॅप ०.६ वर आणून मिस कमी झाली पण वरच्या बूस्टला थोडी राहिली किंवा ०.६ वर आयडल सहन होण्यापलीकडे गेलं, तर चांगल्या कॉइलला अर्थ आहे. दुसरं कारण साधं आहे: मूळ कॉइल म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि सेट बदलायचाच आहे.

पहिला प्रश्न पिनांचा. दोन पिनांची कॉइल म्हणजे मुकी, तिला चालू-बंद करणारा ड्रायव्हर ईसीयूत असतो. तीन-चार पिनांची बहुधा शहाणी, तिचा ड्रायव्हर तिच्याच पोटात, आणि ईसीयू फक्त इशारा देतो. या दोन जाती एकमेकींच्या जागी बसत नाहीत. शहाण्या कॉइलसाठी बनवलेल्या ईसीयूला मुकी जोडली तर ठिणगीच पडत नाही. आणि मुकीच्या जागी कमी रोधाची ‘रेसिंग’ मुकी टाकली तर ईसीयूतला ड्रायव्हर जळतो, मग कॉइल स्वस्त पडली असं वाटेल. पिना चार असल्या तरी त्यांचा क्रम वेगळा असू शकतो. विकणारा ‘फिट होईल’ म्हणतो तेव्हा आकाराबद्दल बोलत असतो. पिनांची आकृती मागा.

दुसरा प्रश्न ड्वेलचा, आणि इथेच ‘मोठी कॉइल’ बहुतेकांना उलटी पडते. वरच्याच हिशोबात इंडक्टन्स ३ च्या जागी ५ मिलिहेन्री घ्या, रोध आणि ड्वेल तेच ठेवा. जड कॉइलमध्ये करंट हळू चढतो. २.१ मिलिसेकंदात तो जेमतेम ५.२ ॲम्पिअरला पोचतो आणि ऊर्जा होते ६७ मिलिज्यूल. मूळच्या ९६ पेक्षा कमी! मोठी, महाग, खोक्यावर जास्त व्होल्ट छापलेली कॉइल लावली आणि ठिणगी अशक्त झाली. उलट २ मिलिहेन्रीची चपळ कॉइल त्याच वेळात जवळपास ११ ॲम्पिअर घेते, ऊर्जा ११९ होते. पण ती ९ ॲम्पिअरसाठी बनलेली असेल तर लोखंड संपृक्त होतं, पुढचा सगळा करंट नुसती उष्णता होतो आणि कॉइल एका उन्हाळ्यात भाजून निघते. म्हणून अपग्रेड कॉइल घेताना ड्वेलचं टेबल मागायचं, म्हणजे ८ ते १६ व्होल्टला किती मिलिसेकंद. तुमचा रीमॅप करणारा ते टेबल बदलू शकतो का हेही आधी विचारायचं. उत्तर ‘नाही’ असेल तर मूळ ड्वेलवर चालेल अशीच कॉइल घ्या, दुसरी नको. विक्रेत्याकडे असं टेबलच नसेल तर ती कॉइल कोणी मोजलेली नाही असं समजा.

कॉइल ऑन प्लगला, म्हणजे प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल असलेल्या रचनेला, ड्वेलसाठी वेळ कमी पडत नाही, हेही सांगून टाकू. ६,५०० आरपीएमला एका सिलिंडरच्या दोन ठिणग्यांत १८ मिलिसेकंदांहून जास्त जागा असते. ‘हाय आरपीएमला कॉइल भरत नाही’ हे वाक्य डिस्ट्रिब्यूटरच्या काळातलं आहे. तेव्हा एकच कॉइल चारही सिलिंडर सांभाळायची.

लाल कॉइल. ऑडी आर८ च्या इंजिनासाठीच्या लाल डोक्याच्या कॉइल फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीच्या बऱ्याच टीएसआय इंजिनांत बसतात म्हणून त्यांचा बोलबाला झाला. त्या चांगल्या आहेत, कारण मूळ पुरवठादाराच्या दर्जाच्या आहेत आणि मूळ ड्वेलवर नीट चालतात. काळ्या नव्या मूळ कॉइलपेक्षा त्या फार मोठा फरक पाडतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. दोन्हींतला खरा फरक जुनी आणि नवी हाच असतो. २०१७ नंतरच्या व्हीआरएसमधल्या तिसऱ्या पिढीच्या इंजिनात कॉइलचा आकार वेगळा आहे. जुन्या पिढीची लाल कॉइल तिथे घालण्याआधी उंची आणि बसण्याची पद्धत ताडून बघा. अर्धवट बसलेल्या कॉइलचा बूट प्लगवर पूर्ण उतरत नाही आणि तिथूनच रेघ सुरू होते.

२००४ च्या सुमारास आलेल्या पहिल्या व्हीआरएसमधलं १.८ टर्बो, २० वाल्व्हचं इंजिन हे वेगळं प्रकरण. त्या इंजिनाच्या सुरुवातीच्या कॉइल जगभर बदनाम झाल्या आणि कंपनीला त्या मोठ्या प्रमाणावर बदलून द्याव्या लागल्या. तिथे नव्या २.० टीएफएसआयच्या किंवा आर८ च्या कॉइल ॲडॉप्टर प्लेटसकट बसवणं हा समजूतदार बदल आहे. प्लेट ॲल्युमिनियमची, नीट मशीन केलेली हवी. प्लास्टिकच्या छापील प्लेटा उष्णतेने वाकतात आणि कॉइल उचलली जाते.

काही इंजिनांत कॉइल फक्त ठिणगी देत नाही. ठिणगीनंतर गॅपमधला आयनांचा करंट मोजून ईसीयू नॉक आणि मिस ओळखतो. साबची ट्रायॉनिक प्रणाली आणि बीएमडब्ल्यू एम५ चं व्ही१० इंजिन ही जाणती उदाहरणं. अशा गाडीत बाहेरची कॉइल लावली की गाडी चालते, पण आंधळी होते. तिथे मूळ भागच.

नकली मालाबद्दल थोडक्यात. खोका हुबेहूब असतो, म्हणून भाग हातात घ्या. चारही कॉइलवरचा तारखेचा कोड बघा. खालच्या बाजूचं रेझिन सपाट, बुडबुड्यांविना भरलेलं हवं. छपाई नखाने खरवडून निघता कामा नये. बुटाचं रबर दाबल्यावर चिवट लागतं, कडक प्लास्टिकसारखं नाही. बॉश, एल्डोर, बेरू, डेल्फी, हिताची, एनजीके यांपैकी ज्याने तुमच्या इंजिनाला मूळ पुरवठा केला तो पहिली पसंती. नाव जुन्या कॉइलवर सहसा छापलेलं असतं. घ्यायचा तर पूर्ण सेट. एक नवी आणि तीन जुन्या ठेवल्या तर पुढची मिस कोणाची, हा खेळ पुन्हा सुरू.

बसवताना

इंजिन थंड. विहिरीभोवतीची धूळ आधी हवेने उडवा, मग कॉइल काढा. काळ्या मातीच्या भागात हे विसरलात तर ती सगळी धूळ सिलिंडरमध्ये जाते. कॉइल स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, डोकं तडकतं. पुलर वापरा किंवा थोडी फिरवून सरळ वर ओढा. प्लग ठरलेल्या टॉर्कला. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं, बोटाने पातळ फिरवून. स्प्रिंगवर नको. जास्त ग्रीस भरलं की आत हवा दाबली जाते आणि कॉइल हळूच वर सरकते. बोल्ट असेल तर ८ ते १० न्यूटन मीटर पुरे, खाली धातूचा इन्सर्ट नसलेल्या कानाला त्याहून कमी. कपलर दाबल्यावर टिक आवाज आला पाहिजे, आणि मग ओढून बघायचा.

कोड पुसा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. शेजारी बसलेल्याच्या हातात स्कॅनर आणि सिलिंडरवार मिस मोजणारा लाइव्ह डेटा. रिकामा, सरळ चढ बघून तिसऱ्या गिअरला २,००० पासून पूर्ण पाय. तीन वेळा. तिन्ही वेळा चारही आकडे शून्य राहिले तर काम झालं. खंबाटकीच्या ट्रॅफिकमध्ये ट्रकांच्या मागे हा प्रयोग नको.

तरीही राहिली तर

इंधनाचा ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय ते, बघा, पण मिस सुरू होण्याआधीचा. सिलिंडर मिस झाला की न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सरला वाटतं मिश्रण कोरडं आहे आणि ट्रिम खोटाच वर चढतो. हलक्या लोडवर, मिस नसतानाही ट्रिम सतत अधिक १० टक्क्यांच्या आसपास असेल तर हवेची गळती, अशक्त फ्यूल पंप किंवा इंजेक्टर. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२० आहे, आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल त्यात असतं. त्याला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ हे प्रमाण, तर ई२० ला साधारण १३.५. जुन्या रीमॅपमध्ये हा फरक धरलेला नसेल तर ट्रिम आधीच वर असतो आणि पूर्ण लोडला पंप कमी पडतो. कोरडं मिश्रण ठिणगीला जास्त व्होल्टेज मागतं, आणि आपण पुन्हा कॉइलपाशी येतो. त्या गाडीत कॉइलला हात लावण्याआधी रीमॅप सुधारून घ्यावा.

डायरेक्ट इंजेक्शन गाडीत थंड इंजिनावरच मिस असेल तर इनटेक वाल्व्हवर साचलेला कार्बन. तो पेट्रोलमध्ये घालायच्या औषधाने जात नाही, कारण पेट्रोल वाल्व्हला शिवतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा मारा करणारं गॅरेज गाठावं लागतं. आणि एकाच सिलिंडरला मिस अडून बसली असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का याच्या तपासण्या.

जुन्या सेटमधली तपासून चांगली निघालेली एक कॉइल, एक गॅप लावलेला प्लग, प्लग सॉकेट आणि पुलर डिकीत ठेवा. प्रतापगडाकडून आंबेनळी घाट उतरताना रात्री कॉइल गेली, तर इंजिन निवायला जेवढा वेळ लागेल तेवढंच थांबावं लागतं.